लांबणारा पाइप आणि त्याची निगा



आठवड्याच्या बाजारात अलीकडे एक वस्तू हटकून दिसते. हिरव्या नाहीतर निळ्या रंगाचा, कापडाच्या चुण्या पडलेला, दोन हातांत सहज मावेल एवढा पाइपाचा गुंडाळा. विकणारा तो एका लहानशा मोटारीला जोडतो, बटण दाबतो, आणि बघता बघता तो पाइप वळवळत तिप्पट लांब होतो. मोटार बंद केली की पुन्हा आक्रसून जागच्या जागी. भोवती पोरांची ही गर्दी! दुकानदार त्याला मॅजिक पाइप म्हणतात. आपण त्याला लांबणारा पाइप म्हणू, कारण त्यात जादू काही नाही. रबर आहे, कापड आहे, आणि पाण्याचा दाब आहे. बाजारात तो मोटारीवर दाखवला जातो, एवढी गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

या पाइपावर बोलायचे कारण घडले ते माणदेशातल्या एका शाळेत. शाळेमागे मुलांनी परसबाग केली आहे. वांगी, टोमॅटो, मेथी, दोन शेवगे, एक कढीपत्ता. तिथली भाजी दुपारच्या खिचडीत पडते. पाणी घालायचे काम मुलांचे. नळापासून वाफे चाळीस-पंचेचाळीस फूट लांब, आणि लहान मुली बादल्या ओढताना निम्मे पाणी वाटेतच सांडायच्या. तेव्हा पालकांनी वर्गणी काढून नऊशे रुपयांना पन्नास फुटी लांबणारा पाइप आणला. मुलांच्या मंत्रिमंडळात सातवीतला एक मुलगा बागेचा मंत्री होता. पाइप त्याच्या ताब्यात दिला.

स्वच्छतागृहाच्या छतावर पाण्याची टाकी आहे. तिच्या नळाला पाइप लावला, तर तो सतरा फुटांचा वीस-बावीस झाला आणि तिथेच लोळत पडला. गुरुजींना वाटले, माल खोटा आला. मग कोणीतरी सुचवले म्हणून तो बोअरवेलच्या मोटारीच्या पाइपावर चावी काढून तिथे जोडला. आता मात्र झकास लांबला! तीन आठवडे वाफ्यांना पाणी मिळाले. चौथ्या आठवड्यात एका सोमवारी सकाळी मोटार सुरू केली आणि फाट् असा आवाज होऊन पाइप नळाच्या टोकाशी फुटला. चौकशी झाली. शनिवारी शाळा सुटताना पिचकारी कोणी बंद केली होती? बागेच्या मंत्र्याने. मग फुटला तो त्याच्यामुळेच, असे ठरले, आणि पोराचे मंत्रिपद गेले.

मी चार दिवसांनी तिथे गेलो तेव्हा तो पाइप अडगळीत पडला होता. गुरुजींची परवानगी घेऊन मी त्याचे टोक कात्रीने उघडले आणि सातवीच्या वर्गापुढे ठेवले. त्या दिवशी जे मुलांना सांगितले, तेच आज थोडे विस्ताराने तुम्हाला सांगतो.

सायकल कोणी पाहिली नाही असा माणूस सापडायचा नाही. सायकलच्या चाकात दोन वस्तू असतात. आत ट्यूब, बाहेर टायर. हवा धरून ठेवते ती ट्यूब, पण ताण सोसतो तो टायर. ट्यूब बाहेर काढून पंपाने हवा भरा. ती एकाच जागी भोपळ्यासारखी फुगेल, आणि तुम्ही हात आवरला नाही तर फुटेल. तीच ट्यूब टायरात घाला, मग तिच्यावर दोन माणसे बसवून मैलभर जा. लांबणारा पाइप हे असेच टायर-ट्यूबचे लग्न आहे. आत रबराची मऊ नळी, बाहेर पॉलिस्टरच्या धाग्याची घट्ट विणलेली पिशवी. ही दोन फक्त दोन टोकांशी एकमेकांना बांधलेली असतात, मधे कुठेही चिकटवलेली नसतात. पाणी धरते रबर, ताण सोसते कापड.

मग तो लांब का होतो? रबराची नळी मुळात सतरा फुटांची आहे, आणि तिच्यावरचे कापड पन्नास फुटांचे. मोकळे असताना कापड चुण्या पडून रबरावर गोळा होऊन बसते, परकराच्या नेफ्यातली नाडी ओढली की नेफा गोळा होतो ना, अगदी तसे. आत पाण्याचा दाब आला की रबराला फुगावेसे वाटते. आडवे फुगायला कापड देत नाही. उरली एकच दिशा, लांबीची. तिकडे चुण्या मोकळ्या असतात, म्हणून ते लांबत जाते. कापडाची शेवटची चुणी सरळ झाली की कापड म्हणते, बास, आता पुढे नाही. पाणी बंद केले की ताणलेले रबर आपल्या मूळ लांबीवर परत येते आणि आतले पाणी आपणच बाहेर ढकलते.

ही युक्ती फार जुनी नाही. २०११ साली अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातल्या मायकेल बेरार्डी यांनी असा पाइप तयार केला, आणि २०१२ साली त्याचे पेटंट त्यांना मिळाले. पण पुढे कोर्टकचेरी झाली. त्याच राज्यातले गॅरी रॅग्नर हे आधीपासून लांबणाऱ्या नळ्या करीत होते. त्यांच्या नळीत तारेची स्प्रिंग असे. २०११ च्या ऑगस्टमध्ये या दोघांची भेट झाली होती. दोन नळ्या फक्त टोकांशी जोडणे, बाहेरची कापडाची करणे, स्प्रिंगऐवजी रबराच्याच ओढीने काम भागवणे, या गोष्टींत रॅग्नर यांचाही वाटा आहे, तेव्हा शोधक म्हणून त्यांचेही नाव लागले पाहिजे, असा निकाल झाला आणि २०२३ साली तो वरच्या कोर्टात कायम राहिला. बांधाचा वाद फक्त आपल्याकडेच चालतो असे नाही.

आता दाबाकडे येऊ, कारण पैसे जातात ते इथे.

ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला मी दाब शिकवायची गरज नाही. ठिबकला एक किलोचे प्रेशर लागते, तुषारला दोन-अडीच किलो, हे त्याला तोंडपाठ असते. एक किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो वजनाचा दाब. आणि तो यायला पाणी दहा मीटर, म्हणजे तेहतीस फूट उंच पाहिजे. टाकी केवढी आहे, हजार लिटरची की दहा हजारांची, याला इथे काही किंमत नाही. किंमत आहे ती उंचीला. घराच्या एकमजली स्लॅबवर टाकी असेल तर तिच्यातल्या पाण्याची पातळी अंगणातल्या नळापेक्षा बारा फूट वर असते असे धरा. दाब झाला जेमतेम सव्वाशे मीटर नव्हे, पावणेचार मीटर पाण्याचा, म्हणजे एक किलोच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा जास्त. शाळेच्या स्वच्छतागृहावरची टाकी त्याहून बुटकी. तिथे पाव किलो. आणि लांबणारा पाइप पुरता लांबायला साधारण दोन ते तीन किलो दाब लागतो! गुरुजींचा माल खोटा नव्हता. पाव किलोत तो बिचारा जितका लांबायचा तितका लांबला.

गावाचा उंच जलकुंभ बारा-पंधरा मीटरचा असला तरी त्याच्या पायथ्याशी सव्वा-दीड किलो दाब मिळतो, आणि गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत पाणी जाताना पाइपात घासून त्यातलाही बराच कमी होतो. म्हणून माझे मत विचाराल तर स्पष्ट सांगतो. ज्याच्या घरी पाणी नुसते टाकीवरून उतरून येते, त्याने या पाइपाच्या वाटेला जाऊ नये. त्याने आपला साधा प्लॅस्टिकचा पाइप घ्यावा. तो जड असतो, गुंता होतो, थंडीत कडक पडतो, हे सगळे खरे; पण कमी दाबावर चालतो आणि दहा ठिकाणी रगडला तरी तक्रार करीत नाही.

तुमच्या नळाला दाब किती, हे कळायला ठिबकच्या दुकानात दाबमापक मिळतो. शेजाऱ्याचा मागून आणला तरी चालेल. तोही नसेल तर नळाला हातभर साधी नळी लावा, तोंड अंगठ्याने दाबून बारीक धार सरळ वर उडवा. धार जर दुमजली घराचे छप्पर ओलांडत नसेल, तर लांबणारा पाइप तुमच्याकडे पुरता लांबणार नाही असे समजा. पाकिटावर दाबाचा आकडा पुष्कळदा पीएसआयमध्ये लिहिलेला असतो. त्याला चौदाने भागा, किलो निघतील. तिथे दोन आकडे असतील तर धाकटा आकडा म्हणजे लांबायला लागणारा दाब, आणि थोरला म्हणजे त्यापुढे जाऊ नये असा दाब.

दाब पुरेसा असला तरी आणखी एक गोम आहे. पाइपाचे दुसरे टोक सताड उघडे ठेवले तर आतला दाब उतरतो आणि पाइप अर्ध्यातच आखडतो. टोकाशी पिचकारी पाहिजे, म्हणजे पाण्याला थोडी अडवणूक पाहिजे. त्यामुळे नारळाच्या आळ्यात पाइप टाकून निवांत बसावे, आळे भरेल तेव्हा भरेल, हे काम याचे नाही. फवारा मारणे, रोपांना पाणी घालणे, गाडी-ट्रॅक्टर धुणे, गच्चीवरच्या कुंड्या भिजवणे, अशा कामाला तो छान. आणि वजनाला इतका हलका की म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले तो एका हाताने नेऊ शकतात. त्या शाळेत तो घेण्यामागचा विचार चुकला होता असे मी म्हणणार नाही.

मग चुकले कुठे?

शनिवारी अकरा-साडेअकराला शाळा सुटली. मंत्रिमहोदयांनी पिचकारीचा खटका बंद केला, कोणी मोठ्याने मोटारीचे बटण बंद केले, आणि सगळे घरी गेले. मोटार बंद झाली तरी पाणी मागे जाऊ न देणारी झडप खाली होतीच. म्हणजे पाइप दोन्हीकडून कोंडलेला राहिला. पन्नास फूट ताणलेला, पाण्याने टिच्च भरलेला, एप्रिलच्या उन्हात. रविवार अख्खा गेला. सोमवारी त्यावर मोटारीचा एकदम धक्का बसला.

रबर म्हणजे झाडाचा चीक. केरळात याचे मळेच्या मळे आहेत, आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्ग भागातही रबराची लागवड आहे. झाडाला खाच पाडून गळणारा पांढरा चीक वाटीत धरतात, त्यावर प्रक्रिया करून असल्या नळ्या, फुगे, हातमोजे होतात. या रबराचे दोन मोठे शत्रू, ऊन आणि हवा. हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याला हळूहळू खातात, उष्णतेने ते काम वेगाने होते, आणि रबर ताणलेले असेल तर आणखी वेगाने. माळ्यावर राहिलेले रबरबँड वर्षाने कसे चिकट होतात किंवा हात लावताच तुटतात, ते सर्वांनी पाहिले आहे. कापड रबरावर सावली धरते खरे, पण चुण्या सरळ झाल्या की तीच सावली विरळ होते.

त्या पोराने काय केले होते? त्याला जे शिकवले होते तेच. पाणी वाया जाऊ देऊ नका, काम झाले की पिचकारी बंद करा, असे शाळेत रोज सांगितले जाते. साध्या पाइपाला ते बरोबर आहे. या पाइपाला मात्र तेवढ्यावर थांबून चालत नाही. याचे पाणी शेवटी थांबवायचे ते पिचकारीशी नाही, नळाशी. आणि हे त्याला सांगणार कोण? पाकिटावर सगळे इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलेले, आणि पाकीट तर पहिल्याच दिवशी फाडून टाकलेले.

तेव्हा आता वापरायची रीत ऐका. पाइप नळाला लावण्याआधी जमिनीवर सैल पसरा, पीळ काढा. पिचकारी बंद ठेवा. नळ एकदम नाही, हळूहळू सोडा, पाइप सरसर पुढे जाईल, त्याला जाऊ द्या. कोपऱ्याला किंवा दगडाला अडकला तर हाताने मोकळा करा. पुरता भरला की पिचकारी उघडून कामाला लागा. एका वाफ्यावरून दुसऱ्यावर जाताना मिनिट-दोन मिनिटे पिचकारी बंद केली तर काही बिघडत नाही. पण चहाला जायचे असेल, कोणी हाक मारली म्हणून रस्त्यावर जायचे असेल, तर नळ बंद करूनच जा.

काम संपले की आधी नळ बंद करायचा आणि पिचकारी उघडीच ठेवायची. पाइप आक्रसत आक्रसत आतले पाणी बाहेर टाकील. पन्नास फुटी पाइपात दोन-तीन लिटर पाणी असते. ते एखाद्या झाडाच्या बुडाशी पडेल असे धरा, म्हणजे थेंबही वाया जायचा नाही. चालत चालत नळाकडे या, पाइप आपोआप मागे मागे येतो. शेवटी तो उचलून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हाताने निथळा. आत पाणी राहिले तर त्याला वास लागतो. आणि हो, या पाइपातले पाणी प्यायचे नाही. तापलेल्या रबरातून आलेले पहिले पाणी मुले हमखास पितात, तेवढे सांगून ठेवा.

मोटारीवर जोडणाऱ्यांसाठी दोन शब्द जास्त. मोटार चालू आणि पिचकारी बंद, अशी स्थिती मुळीच येऊ देऊ नये. त्यात पाइपावर मोटारीचा पुरा दाब येतो, आणि मोटारही पाणी न सोडता तापत राहते. मोटारीच्या पाइपावर टी टाकून दुसरी एक चावी काढा आणि तिचे पाणी टाकीत किंवा हौदात परत जाऊ द्या. मोटार चालू करताना ही चावी पूर्ण उघडी ठेवायची, मग हळूहळू मिटत आणायची. पाइप पुरता लांबला की तिथेच थांबायचे. म्हणजे धक्का बसत नाही, आणि मुलाने पिचकारी बंद केली तरी पाण्याला पळवाट राहते. सार्वजनिक नळाच्या लाइनला मोटार लावून पाइप लांबवायचा उद्योग मात्र कोणी करू नये. आपला पाइप लांबतो तेव्हा पुढच्या आळीतला हंडा रिकामा राहतो.

ठेवण्याविषयी सांगायचे तर सावली, एवढा एकच शब्द पुरे. पण कुठे टांगायचा? खिळ्याला नाही. खिळ्याच्या टोकावर सगळा भार एके जागी येतो आणि कापडाला छिद्र पडते. सायकलची जुनी रिम भिंतीला ठोकून तिच्यावर सैल गुंडाळावा, किंवा जुन्या बादलीत ठेवून वर झाकण घालावे, म्हणजे उंदरांनाही लांब ठेवता येते. केरोसीन, ऑइल, ग्रीस यांचा हात पाइपाला लावू नका. जोड घट्ट झाला म्हणून लोक पटकन ऑइल सोडतात. झाडाच्या चिकाचे रबर खनिज तेलाने फुगते आणि सडते. कीटकनाशके आणि खते याच्यातून सोडू नका.

आपल्या भागात दगडापेक्षा मोठी पीडा काट्यांची. बाभळीचा काटा लांबून दिसतो तरी, पण सराटा दिसत नाही. पाइप मोकळा असताना कापडाच्या चुण्यांत सराटे अडकून बसतात, आणि पाणी सोडल्यावर कापड ताणले की ते बरोबर आत रबरात घुसतात. म्हणून पाइप गोळा करताना हाताने एकदा चाचपून घ्यावा. मुले त्याने रस्सीखेच खेळणार, हेही गृहीत धरा. न खेळतील तर ती मुले कसली! पण ताण सोसायला पाणी आत नसताना तो टोकाच्या जोडावर येतो, आणि पाइप जोडातून निसटतो.

गळती लागली तर आधी गळते कुठे ते पाहा. नळाच्या जोडाशी गळत असेल तर बहुतेक वेळा वायसर झिजलेला किंवा पडून गेलेला असतो. पाच-दहा रुपयांचे काम. नवा वायसर घाला, पेचावर पांढऱ्या टेपचे चार वेढे द्या, आणि हाताने आवळा, पान्याने नको. प्लॅस्टिकचा जोड पान्याने चिरतो. विकत घेतानाच पितळी जोडाचा पाहून घेतला तर बरे. पिचकारी तुंबत असेल तर बोअरच्या पाण्याचा क्षार बसलेला असतो. ती काढून लिंबाच्या रसात रात्रभर ठेवा. कापडाला भोक पडले असेल आणि आतले रबर त्यातून बोराएवढे बाहेर डोकावत असेल, तर समजा की टायर फाटला आहे. सायकलवाला टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा लावतो तसे इथे करता येत नाही. ती जागा कापूनच काढावी लागते.

आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायचे तर मनातही आणू नका. रबर तिप्पट ताणते, पट्टी ताणत नाही. पहिल्याच पाण्याला ती सुटते, आणि आतले भोक मात्र मोठे होऊन बसते.

कापून दुरुस्ती कशी करायची ते सांगतो, कारण शाळेत आम्ही ती केली. फुटलेली जागा नळाच्या टोकापासून वीतभर आत होती. पाइप मोकळा करून चुण्या सगळीकडे सारख्या पसरल्या, आणि धारदार कात्रीने कापड व रबर एकत्रच एका घावात कापले. एकत्र का? रबर वीतभर गेले तर त्या चुण्यांतले कापड आपोआप तीन वीत जाते आणि दोघांचे प्रमाण पूर्वीचेच राहते. नुसते रबर कापून कापड तसेच ठेवले, तर रबराला जास्त लांब ताणावे लागेल आणि ते लवकर फुटेल. पॉलिस्टरची कड उसवू नये म्हणून ती मागे सारून मेणबत्तीवर हलकेच शेकवली. ज्योत रबरापासून दूर ठेवायची, आणि हे काम मोठ्यांनी करायचे. मग बाजारातून आणलेल्या खाचांच्या पितळी निपलवर आधी रबर चढवले, त्यावर कापड ओढले, आणि दोन्हींवर मिळून पेचाची क्लिप आवळली. रबर चढवताना साबणाचे पाणी लावले, तेल नाही. पाइप मधेच फुटला असता तर दोन्हीकडे खाचा असलेला जोड घालून दोन क्लिपांनी असेच जोडता आले असते. पण रबर सगळीकडेच चिकट किंवा भेगाळ झाले असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. आज इथे जोडाल, उद्या तिथे फुटेल.

हे सगळे केले तरी हा पाइप साध्या पाइपाइतकी वर्षे टिकेल असे मी सांगणार नाही. आतले रबर हे झिजणारच. दुकानात रबराचे दोन-तीन थर असलेला पाइप मिळतो, तो थोडा महाग पण जास्त भरवशाचा. आतल्या नळीचा नमुना दाखवायला सांगा. जो दुकानदार दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

गुरुजनांना एक विनंती. या पाइपात सातवी-आठवीच्या विज्ञानाचे दोन-तीन धडे सहज बसतात. लांबट फुगा जुन्या पायमोज्यात घालून फुगवा आणि तसाच दुसरा उघडा फुगवा. आकारात काय फरक पडतो तो मुलांनी वहीत काढावा. तीन रबरबँड घ्या. एक कपाटात, एक उन्हात मोकळा, एक उन्हात दोन खिळ्यांवर ताणून. महिनाभराने तिन्ही ताणून पाहा. आणि पाइप हाताशी असेल तर टाकीवर आणि मोटारीवर तो किती किती फूट लांबतो ते मुलांनाच टेपने मोजू द्या. दाब म्हणजे काय हे फळ्यावर सांगायला जितका वेळ लागतो, त्याच्या पावपट वेळात ते मोजून कळते.

त्या शाळेतला पाइप पन्नास फुटांचा पावणेअठ्ठेचाळीस झाला, पण वाफ्यापर्यंत पोचतो. मोटारीला दुसरी चावी बसवली आहे. गुरुजींनी वर्गापुढे त्या मुलाला सांगितले, की चूक तुझी नव्हती, आमची होती. त्याचे मंत्रिपद त्याला परत मिळाले. त्याने नळाच्या वर भिंतीवर तेलरंगात लिहिले आहे, "आधी नळ बंद, पिचकारी उघडी." शनिवारी शेवटी पाइपातून निघणारे दोन-तीन लिटर पाणी कढीपत्त्याला जाते.